समास

डावीकडे दोन बोटं जागा सोडा, ढोबळेबाई,
माझ्या डावीकडे कुणी नको.
वर्षातून एकदा हा विनोद,
अधिवेशनाच्या आदल्या रात्री,
मग स्वतःच हसून चष्मा पुसायचे
धोतराच्या सोग्याला.

मोरेश्वर त्र्यंबक पागनीस, खासदार.
जनकगंजात सगळे म्हणत पगनीशजी.
तीनदा निवडून आले, दोनदा पडले,
शेवटचं आठशे अकरा मतांनी.
पडले त्या सकाळी आठला हजर:
घ्या, आभाराची पत्रं.
मी रिबन बदलली.

संस्कृतचे तास, श्योपूरची छोटी गाडी,
देवळासमोरचं दारूचं दुकान,
हेच प्रश्न, तारांकित, अतारांकित.
आहे ते मोडू नका, एवढंच धोरण.
ऑफिसातला पंखासुद्धा बदलू दिला नाही,
तो कुरकुरत राहिला चार सरकारं.

सांगायचे मराठीत, मी हिंदीत उतरवायची.
तीन प्रती: एक दिल्लीला, एक फायलीला,
एक उगाच.

मला नवऱ्यानं टाकलं नव्हतं.
तो फक्त भोपाळला गेला होता,
अकरा वर्षांपूर्वी.
मुलाची फी पागनीस भरायचे,
आणि पावती मागायचे.

मग ते विधेयक आलं.
नवरा फिरकलाच नाही तर
एका अर्जावर बाई मोकळी.
रात्री अकराला, येरझाऱ्या घालत, ते सांगू लागले:
अध्यक्ष महोदय, घर म्हणजे भिंती नव्हेत.
घर म्हणजे कुणाचं तरी सोसणं.

वाक्य चांगलं होतं, हे मी आजही म्हणेन.
पण सोसणं हिंदीत कसं न्यायचं?
सहना म्हणजे थंडी सहन होते तसं.
झेलना, तो तर चेंडू.
सोसण्यात वर्षं असतात,
भांडी असतात घासून पालथी घातलेली,
दाराची कडी असते, आतून न लावलेली.
मी बोटं की-वरून उचलली.
तेवढी जागा कोरी सोडली, सकाळी भरू म्हटलं.
पहाटेच्या गाडीनं कागद गेले.

छापील कार्यवाहीत आजही आहे:
घर का मतलब है किसी का (व्यवधान)

व्यवधान कुणीच केलं नव्हतं.
ड्रायव्हर भदौरिया वर सज्जात बसला होता,
तो म्हणाला, पगनीशजी कागज देखते रहे,
पानी पिया, फिर देखते रहे.
मग त्यांनी पान उलटलं
आणि मत विरोधातच दिलं.

परत आल्यावर टोपी खुंटीला लावत म्हणाले,
बाई, तिथे समास जरा जास्त सुटला होता.
मी म्हटलं, हो.
त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

विधेयक मात्र पास झालं.
दुसऱ्या उन्हाळ्यात मी माझा अर्ज टाइप केला,
डावीकडे दोन बोटं सोडून.
ओळखीच्या प्रतिष्ठित गृहस्थाचा दाखला लागतो खाली.
त्यांनी अर्ज वाचला, एक स्वल्पविराम खोडला,
सही केली, शिक्का मारला.
मत बदललं असं समजू नका.
डोळे गेले तेव्हा मी पेपर वाचून दाखवायची,
अशी एखादी बातमी आली की म्हणायचे,
बघा, मी सांगितलं होतं,
आणि चहाचा कप चाचपायचे.
मी तो हाताशी सरकवायची.

मेमध्ये गेले. लू चालली होती.
पेपरात पगनीश छापलं,
मी पेनानं काना दिला, श चा स केला,
आता हे प्रूफ कुणाला दाखवायचं कळेना.

सुनेनं फायली रद्दीवाल्याला काढल्या.
तो तराजू धरून दारातच बसला होता,
पारडं हलत होतं.
मी म्हटलं, एक कागद माझा आहे यात.
तो म्हणाला, ले लो बाईजी,
एक कागज का क्या वजन.